कॅटनिपला दाद न देणारा बोका तणाच्या मुळांवर का लोळतो?

प्रश्नकर्त्यांनी जे लिहिले आहे ते थोडक्यात असे. घरात तीन वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आणि साडेचार महिन्यांचे पिल्लू आहे. कॅटनिप ही वासाने मांजरांना लोळवणारी म्हणून प्रसिद्ध असलेली वनस्पती; तिच्या ऑनलाइन मागवलेल्या वाळक्या चुऱ्याच्या पुडीकडे दोघांनीही ढुंकून पाहिले नाही. मात्र गेल्या आठवड्यात गच्चीतल्या कुंड्यांमधले तण उपटून कडेला ठेवले, तेव्हा बोका त्याच्या मुळांवर तुटून पडला. त्याने मुळांवर गाल घासले, तो लोळला, त्याच्या तोंडातून लाळ गळली आणि दहाएक मिनिटांनी तो उठून शांतपणे पाणी प्यायला गेला. घरातील ज्येष्ठांना ही विषबाधा वाटते, शेजाऱ्यांना नशा वाटते आणि स्वतः प्रश्नकर्त्यांना कळेनासे झाले आहे की पुडी बनावट होती, बोक्यात काही दोष आहे की ते तण घातक आहे.

मी वीसहून अधिक वर्षे पशुवैद्य म्हणून मुख्यतः कुत्र्यामांजरांवर उपचार करत आलो आहे आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत अनेकदा विचारला गेला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आपली खरी काळजी वनस्पतीच्या नावाची नाही. आपल्या मांजराला जे झाले ते निरुपद्रवी होते की नाही, आणि पुढच्या वेळी ते आपल्याला डोळ्यांनी पाहून ओळखता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्याचे उत्तर देता येते. मात्र काही गोष्टी मांजराच्या वयावर, त्याच्या आनुवंशिकतेवर आणि त्याने वनस्पती केवळ हुंगली की गिळली यावर अवलंबून असतात, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम त्या तणाविषयी. लांब देठाची, दातेरी कडांची पाने, शेंड्याकडे उभे हिरवे तुरे आणि त्या तुऱ्यांवर वाटीच्या आकाराची बारीक हिरवी पाने, असे आपण वर्णन केले आहे. त्यावरून ही वनस्पती खोकली असावी असे मला वाटते. एरंडाच्या कुळातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव अकॅलिफा इंडिका. पावसाळ्यात ती आपल्याकडे कुंपणाच्या कडेला, भिंतीच्या फटीत आणि न विचारता कुंड्यांमध्येही उगवते. खोकल्यावरचे घरगुती औषध म्हणून तिचा वापर होत आला आहे आणि त्यावरूनच तिला हे नाव मिळाले. मांजराच्या दृष्टीने मात्र तिच्यात महत्त्वाचे आहे ते मूळ. झाड कुंडीत उभे असेपर्यंत मांजर त्याच्या शेजारून रोज निघून जाते आणि थांबतही नाही. तेच झाड उपटले, मूळ उघडे पडले किंवा मोडले, की ते कोठून तरी धावत येते. आपल्या बोक्याने हेच केले. केरळमध्ये लोकांनी ही गोष्ट फार पूर्वी टिपली असावी, कारण मल्याळम भाषेत या वनस्पतीचे एक नाव ‘पूच्चमयक्की’, म्हणजे मांजराला गुंगवणारी, असे आहे.

या मुळाचा रासायनिक अभ्यासही झालेला आहे. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेट ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे आणि तेथे रानटी झालेल्या मांजरांमुळे स्थानिक पक्षी व लहान प्राणी संकटात आले आहेत. त्या मांजरांना आकर्षित करण्यासाठी या मुळाचा उपयोग होईल का, याचा तेथे विचार झाला. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्रज्ञांनी मुळातील आकर्षक द्रव्ये वेगळी काढून ओळखली. त्यांपैकी एक आयसोडायहायड्रोनेपेटालॅक्टोन आणि दुसरे आयसोइरिडोमिर्मेसिन. ही अवघड नावे मी मुद्दाम देतो आहे, कारण पहिल्या नावाच्या शेवटी जे ‘नेपेटालॅक्टोन’ दिसते तेच कॅटनिपमधील मुख्य द्रव्याचे नाव आहे. कॅटनिप पुदिन्याच्या कुळातली, खोकली एरंडाच्या कुळातली. दोघींचे नाते अगदी दूरचे, तरीही दोघी एकाच घराण्यातली रसायने तयार करतात. या घराण्याला इरिडॉइड म्हणतात. वनस्पतींना ही द्रव्ये प्रामुख्याने कीटकांपासून बचाव करण्यासाठी उपयोगी पडतात.

आता बोका लोळतो का, हे पाहू. ही प्रतिक्रिया नाकातून सुरू होते. अनेकांना वाटते की मांजर वनस्पती चावते म्हणून तिचा अंश पोटात जाऊन परिणाम करतो, परंतु तसे नाही. टाळ्यातील ज्या खास गंधेंद्रियाने मांजरे एकमेकांच्या लघवीचा वास तपासतात, त्याचाही येथे संबंध नाही. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले की नेहमीची घ्राणशक्ती नाहीशी केल्यास प्रतिक्रिया थांबते, आणि टाळ्यातील इंद्रिय निकामी केले तरी ती तशीच चालू राहते. चावणे आणि चाटणे यांचे काम वेगळे आहे. पान चुरगळले की त्यातील द्रव्य हवेत अधिक उडते. जपानमधील इवाते विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली मोजून दाखवले की जपानी मातातबी या वेलीची पाने मांजराने चुरगळल्यावर त्यांतून बाहेर पडणारे इरिडॉइड अखंड पानांच्या तुलनेत सुमारे दहा पटींनी वाढतात.

याच संशोधकांनी आदल्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, जे शोधले ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर उत्तर वाटते. मातातबीमधील नेपेटालॅक्टॉल या द्रव्याचा वास घेतल्यावर मांजराच्या रक्तातील बीटा-एंडॉर्फिनचे प्रमाण वाढते. एंडॉर्फिन हे शरीर स्वतःच तयार करत असलेले वेदनाशामक व सुखद द्रव्य आहे. मांजराला आधी नॅलोक्सोन हे औषध दिले, जे अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखते, तर ते वासाकडे गेले तरी गाल घासणे व लोळणे जवळजवळ थांबते. दुसरे निरीक्षण असे की ज्या मांजरांच्या अंगाला हे द्रव्य लागलेले होते त्यांच्यावर एडिस जातीचे डास कमी बसले. म्हणजे गाल, मान व पाठ घासण्याची जी कृती आपल्याला निव्वळ वेड वाटते, ती बहुधा अंगाला डास पळवणारा लेप लावण्याची जन्मजात रीत आहे आणि त्या वेळी वाटणारे सुख हे तिचे बक्षीस आहे. पावसाळ्यात कानांच्या कडांवर डास चावून खपल्या धरलेली मांजरे मी दरवर्षी पाहतो. त्यांच्याकडे पाहिले की हे स्पष्टीकरण मनाला पटते.

यातूनच नशेच्या शंकेचे उत्तर मिळते. अफूवर्गीय द्रव्य बाहेरून वारंवार शरीरात गेले तर त्याची मात्रा वाढवावी लागते आणि ते बंद केल्यावर शरीर त्रास देते. येथे तसे घडत नाही. गंधामुळे मेंदू स्वतःच्याच साठ्यातून थोडे एंडॉर्फिन सोडतो आणि पाच ते पंधरा मिनिटांत मांजर कंटाळते. त्यानंतर साधारण तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, तीच वनस्पती नाकाशी धरली तरी ते दाद देत नाही. इतक्या वर्षांत कॅटनिपचे व्यसन लागलेले, ते न मिळाल्याने आजारी पडलेले एकही मांजर माझ्याकडे आलेले नाही. मात्र रोज दिले तर त्याचे नावीन्य जाते आणि प्रतिक्रिया पुसट होते, एवढे मालकांच्या लक्षात येते. म्हणून मी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा देण्यास सांगतो.

मग पुडीला बोक्याने दाद का दिली नाही? याची दोन प्रामाणिक कारणे संभवतात आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले कारण बोक्याच्या वंशात आहे. कॅटनिपला साधारणपणे तीनांपैकी दोन प्रौढ मांजरे प्रतिसाद देतात. उरलेले एक अगदी निरोगी असूनही देत नाही. नील टॉड या संशोधकांनी १९६२ साली मांजरांच्या वंशावळी तपासून हा गुण एका प्रभावी जनुकामुळे येतो असे मांडले होते. पुढे हे चित्र अधिक गुंतागुंतीचे, अनेक जनुकांनी मिळून ठरणारे आहे असे दिसून आले. पण गुण आनुवंशिक आहे हे कायम राहिले. २०१७ साली अमेरिकेत १०० मांजरांवर चार वनस्पती तपासण्यात आल्या, तेव्हा मातातबीच्या फळांच्या भुकटीला सुमारे ८० टक्के, कॅटनिपला सुमारे दोन तृतीयांश, आणि व्हॅलेरियनचे मूळ व टार्टेरियन हनीसकलचे लाकूड यांना प्रत्येकी निम्म्याच्या आसपास मांजरांनी प्रतिसाद दिला. त्यातील माझ्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त गोष्ट ही की कॅटनिपला दाद न देणाऱ्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरांनी मातातबीला दाद दिली. एका वनस्पतीबाबत उदासीन असलेले मांजर दुसरीवर लोळू शकते, हे आपल्या बोक्याने घरीच सिद्ध केले आहे, त्यामुळे त्याच्यात दोष शोधण्याचे कारण नाही. (मोठ्या मार्जारवंशीय प्राण्यांतही हा भेद आहे: सिंह, जग्वार आणि बिबट्या प्रतिसाद देतात, वाघ मात्र बहुतेक वेळा उदासीन राहतो.)

दुसरे कारण पुडीत असू शकते. नेपेटालॅक्टोन हे उडून जाणारे द्रव्य आहे. मूळ वनस्पती युरोपपासून हिमालयाच्या पश्चिम भागापर्यंतच्या थंड प्रदेशातली. वाळवलेला माल दुकानाच्या गरम कोठारात आणि पातळ प्लॅस्टिकमध्ये कित्येक महिने पडून राहिला, की आपल्या हाती निव्वळ गवताचा चुरा येतो. चिमूटभर चुरा बोटांत चोळून स्वतः वास घ्या. पुदिन्याच्या जवळचा, किंचित उग्र वास आला तर माल ठीक आहे. वाळलेल्या कडब्यासारखा वास आला तर त्यात काही उरलेले नाही. चांगला माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, शीतकपाटात ठेवावा. आणखी एक गोष्ट: घाबरलेले किंवा आजारी मांजर प्रतिसाद देत नाही. माझ्या दवाखान्यातील टेबलावर कॅटनिप हुंगूनही दगडासारखी बसून राहिलेली मांजरे घरी गेल्यावर त्याच पिशवीवर लोळल्याचे मालकांनी मला फोनवर सांगितलेले आहे. नवे पाहुणे, रंगकाम किंवा घर बदलण्याच्या दिवसांत घेतलेली परीक्षा ग्राह्य धरू नका.

आता सुरक्षिततेचा भाग, आणि येथे मी थोडा कडक आहे. परिणाम वासाने होतो, म्हणून वास पुरेसा आहे. गिळू देण्याची गरज नाही. कॅटनिपचा चिमूटभर चुरा पोटात गेला तर बहुधा काही होत नाही, जास्त गेला तर उलटी किंवा जुलाब होतात आणि थांबतात. खोकलीच्या बाबतीत मी एवढा निर्धास्त नाही. तिच्यात अकॅलिफिन नावाचे, सायनाइड मुक्त करू शकणारे द्रव्य आहे. शिवाय ज्या माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते, अशांनी ही पाने खाल्ल्यावर पेशी फुटून गंभीर रक्तक्षय झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. मांजराच्या तांबड्या पेशी या प्रकारच्या आघाताला मुळातच नाजूक असतात. कांदा किंवा पॅरासिटामॉल मांजराला इतके घातक ठरते ते याच कारणाने. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यावर मी माझ्या रुग्णांच्या मालकांना एकच सांगतो: मूळ स्वच्छ धुऊन, जाड सुती मोज्यात शिवून किंवा गाठ मारून द्या, दहा-पंधरा मिनिटांनी उचलून ठेवा आणि पाने लगेच फेकून द्या. बाहेरच्या रस्त्याकडेचे झाड आणू नका, कारण त्यावर कोणती फवारणी झाली आहे हे आपल्याला ठाऊक नसते. बोक्याने त्या दिवशी मुळे चावून गिळली असतील, तर पुढचे तीन-चार दिवस त्याच्या हिरड्यांचा रंग पाहत राहा. त्या फिकट किंवा पिवळसर दिसल्या, लघवी तांबूस-तपकिरी झाली किंवा तो धापा टाकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मात्र आपण लिहिल्याप्रमाणे आठवडा उलटला आहे आणि तो नेहमीसारखा खातो-खेळतो आहे, म्हणजे ती वेळ बहुधा टळलेली आहे.

नावांच्या घोटाळ्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. व्हॅलेरियनला मांजरे दाद देतात असे वाचून काही जण तिचे मराठी नाव शोधतात आणि त्यांना ‘तगर’ हा शब्द सापडतो. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा तगर-गंठोडा हा खरोखरच व्हॅलेरियनच्या वंशातील हिमालयी वनस्पतीचा कंद आहे. पण आपल्या अंगणात पांढऱ्या फुलांची जी तगर असते, जिची फुले आपण देवाला वाहतो, ती कण्हेरीच्या कुळातली, चिकाची आणि अल्कलॉइडयुक्त वनस्पती आहे. तिचे पान किंवा मूळ मांजराला कधीही देऊ नये. असाच गोंधळ हिंदी-उर्दूतील ‘बिल्लीलोटन’ या नावाचा आहे. ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वनस्पतींना लावले जाते, त्यामुळे केवळ त्या नावावर विश्वास ठेवून बाजारातून काही आणू नका. तेलांपासूनही दूर राहा. कॅटनिपचे असो वा दुसऱ्या कोणत्या वनस्पतीचे, अर्क काढलेले सुगंधी तेल फार तीव्र असते, आणि मांजराचे यकृत अशी अनेक द्रव्ये आपल्या यकृताप्रमाणे निकामी करून बाहेर टाकू शकत नाही. डास पळवण्यासाठी म्हणून मांजराच्या अंगाला असे तेल चोळणे हा तर उपचारापेक्षा मोठा अपाय आहे.

पुढच्या वेळी ओळखावे कसे, हे मी एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपली भाटी घेऊन आले. ती लाळ गाळत होती, जमिनीवर लोळत होती आणि घरात कॅटनिपचे खेळणे असल्यामुळे त्यांनी दोन तास वाट पाहिली होती. तिला हात लावताच कातडीखालचे स्नायू थरथरताना जाणवले. चौकशी केल्यावर कळले की सकाळी कुत्र्याच्या गोचिडांवरचे औषध तिच्या मानेवर लावले होते. त्यात परमेथ्रिन होते, जे कुत्र्याला चालते आणि मांजराला विषासमान ठरते. ती वाचली, पण चार दिवस दवाखान्यात राहून. वनस्पतीच्या वासाने लोळणारे मांजर नाव घेतल्यावर कान वळवते, उभे केले तर सरळ चालते, वस्तू उचलून नेली की काही मिनिटांत शांत होते. थरथर, झोकांड्या, सतत उलट्या, हाक मारूनही भान नसणे, पडल्या जागी लघवी होणे, किंवा वस्तू दूर केल्यावरही अर्ध्या तासाच्या पुढे तोच प्रकार चालू राहणे, यांपैकी काहीही दिसले तर कॅटनिपचा विचार सोडून लगेच निघा. डोळ्यांच्या बाहुल्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्या साध्या उत्तेजनानेही मोठ्या होतात. नसबंदी न झालेली भाटी माजावर आली की तीही लोळते आणि गाल घासते, परंतु ते दिवसचे दिवस चालते, सोबत मोठ्याने ओरडणे असते आणि शेपटी एका बाजूला वळलेली असते. आपला बोका नसबंदी झालेला असूनही लोळला यात वावगे काही नाही, कारण हा प्रतिसाद नर, मादी आणि नसबंदी झालेली मांजरे या सर्वांत दिसतो.

काहींना दूर्वा किंवा गव्हाचे कोवळे अंकुर खाणारे मांजरही याच प्रकारात मोडते असे वाटते. ते वेगळे आहे. गवत मांजर खाण्यासाठी खाते, त्यावर गाल घासून लोळत नाही.

या वनस्पतींचा मला स्वतःला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो पिंजऱ्याची भीती घालवण्यासाठी. दवाखान्यात नेण्याचा पिंजरा आठवडाभर आधी घरात उघडा ठेवावा, त्यात जुनी चादर घालावी आणि तिच्यावर चिमूटभर कॅटनिप किंवा मातातबीची भुकटी भुरभुरावी. मांजर आपणहून आत जाऊन लोळू लागते आणि पिंजऱ्याला घरच्या जागेचा वास येतो. सोफा ओरबाडणाऱ्या मांजरासाठी काथ्या गुंडाळलेल्या खांबावर तीच भुकटी चोळली तर नखे तिकडे वळतात. दोन मांजरे असतील तर पहिल्या काही वेळा वेगवेगळ्या खोल्यांत द्या, कारण काही मांजरे या उत्तेजनात चिडखोर होतात आणि जवळच्या सोबत्याला पंजा मारतात. गाभण भाटीला आणि फेफऱ्याचा आजार असलेल्या मांजराला मी ही वनस्पती देत नाही. त्यांना अनावश्यक उत्तेजन नको, एवढाच माझा विचार आहे.

आपल्या पिल्लाबद्दल शेवटी सांगतो. हा प्रतिसाद साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान उमलतो, कधी त्याहूनही उशिरा, त्यामुळे साडेचार महिन्यांच्या पिल्लाने पुडी हुंगून तोंड फिरवले यावरून काहीच ठरत नाही. ते आठ-नऊ महिन्यांचे होईपर्यंत थांबा, ताज्या पुडीने पुन्हा पाहा, आणि तेव्हाही दाद दिली नाही तर मातातबी आणून पाहा. त्याआधी बोक्यासाठी मूळ काढाल तेव्हा पिल्लू दुसऱ्या खोलीत राहील एवढे बघा. त्या वयाची पिल्ले वास घेऊन थांबत नाहीत, समोर दिसेल ते चावून पाहतात.